अकरावा पंखा

कोरुन्याहून आली ती, शियाना, लॅपटॉप काखेत मारून.
म्हणाली, धक्क्यावर दीडशे मीटर कठडा हवाय,
आणि तो इथल्या लेससारखा दिसायला हवा.
'सारखा' हा शब्द तिनं तीनदा उच्चारला.
मी वेल्डर. मला जाडी कळते,
खाऱ्या वाऱ्यात कुठलं पोलाद किती वर्षं तग धरतं ते कळतं.
म्हटलं, होईल.

नमुना तयारच होता तिच्याकडे :
शिंपला, पंखा, मध्ये कोळ्याचं जाळं,
पाण्याच्या धारेनं पत्रा कापणाऱ्या यंत्राला भरवायचं, बस.
पहिला तुकडा सोमवारी आला.
मी तो दोरिंदामावशीकडे नेला.

मांडीवर पेंढ्याची उशी, उशीवर केशरी पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर टाचण्यांचं रान,
आणि बावीस जोड लाकडी कांड्या
टोपलीतून शिंपले ओतावेत तशा वाजणाऱ्या.
वय एक्याण्णव. चष्मा कपाळावर, डोळ्यांना त्याचा उपयोग नाही.

पत्रा तिनं उजेडाकडे धरला. एका भोकात बोट घातलं.
'कापतंय,' म्हणाली.
मग बराच वेळ नुसता समुद्र.
मग, 'ही भोकं कुणी पाडली?'
'यंत्रानं.'
'मी ऐंशी वर्षांत एकही भोक पाडलेलं नाही रे.
दोरे एकमेकांना वाट देतात, जागा आपसूक उरते.
तू आधी सगळं भरलंस आणि मग काढून घेतलंस.
बेनिग्नोच्या दुकानाची रीत ही :
मीटरभर लेसला शेरभर कॉफी द्यायची
आणि दोऱ्याच्या हिशेबात अर्धी परत मापून घ्यायची.'

मला वाटलं, शियाना चिडेल.
ती गुरुवारी आली ती बुटांना वाळू घेऊनच,
मावशीच्या शेजारी बुटक्या स्टुलावर बसली.
हालचाली दोनच : ओलांडायचं आणि पीळ द्यायचा.
बाकी सगळी त्यांचीच नातवंडं.
दोन दिवसांत तिनं जे विणलं ते
मांजरानंसुद्धा ओळखलं नसतं.

तिसऱ्या संध्याकाळी ती पंख्याच्या वळणावर अडली,
आणि माझा हात मधे गेला.
मी पाठवला नव्हता.

सहा वर्षांचा होतो. बाप उत्तरेत कॉड पकडायला,
घरात बायका, दिवा, उशा.
तो परतला की माझी छोटी उशी पलंगाखाली जाई.
कोळ्याचा पोरगा कांड्या फिरवतो
हे गावानं कशाला ऐकावं?
पुढे मी आगीचं काम शिकलो. त्यात आवाज मोठा असतो.

चाळीस वर्षांनी बोटं ओलांडत होती, पिळत होती.
मावशीनं मान वर केली नाही.
एवढंच म्हणाली,
'ती कांडी डावीकडे. अजून तीच चूक.'

पत्रे परत गेले.
आम्ही बोटीचा जुना दरवाजा जमिनीवर आडवा टाकला, ती उशी.
बोल्ट ठोकले, त्या टाचण्या.
तापवून मऊ केलेली तार, टोकांना पाइपाचे तुकडे,
आणि चार माणसं गुडघ्यांवर,
शियाना ओरडायची : ओलांडा! पीळ!
लुईसची पाठ धरली. शिव्याही तालात येऊ लागल्या.
वेल्डिंग फक्त कडेला. आत तारेनंच तारेला धरलंय.

दीडशे मीटर झालं नाही. एक्केचाळीस झालं.
नगरपालिकेचा माणूस उरलेल्याचं विचारायला येतो,
कठड्याला टेकतो, सिगारेट ओढतो,
आणि प्रश्न खिशात ठेवून जातो.

मावशीला एप्रिलमध्ये खुर्चीवरून आणलं.
तिनं हातमोजे काढले,
तारेवर तळवा ठेवून टोकापर्यंत गेली, मी ढकलत होतो.
अकराव्या पंख्यापाशी हात थांबला.
एक तार उजवीकडे गेलीय तिथे.

कुणाची, तिनं विचारलं नाही.
'चल,' म्हणाली, 'थंडी वाजते.'

वायव्येचा वारा सुटला की
दहा पंखे शीळ घालतात,
अकरावा जरा खालच्या पट्टीत.